शिवलकर पाळण्यात रुजू होतात

आपल्या नावाने कुणीतरी नवस बोललंय हे दत्ताराम शिवलकरांना कळलं तेव्हा ते बाथरूमच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते. चौकट धरणं ही गेल्या दहा महिन्यांतली त्यांची सवय होती. पाटबंधारे खात्यातला हा बावन्न वर्षांचा अव्वल कारकून एप्रिलमध्ये चक्कर येते म्हणून रत्नागिरीहून मुंबईला गेला आणि डाव्या कानाच्या आतली सुपारीएवढी गाठ काढून परत आला. गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती. पण बसायला तिने जागा निवडली होती ती नेमकी तोल सांभाळणाऱ्या नसेवर. डॉक्टरांनी गाठीबरोबर नसही काढली. डावा कान गेला तो गेलाच, आणि तोलाचं सगळं काम एकट्या उजव्या बाजूकडे आलं. दत्तारामांच्या भाषेत सांगायचं तर दोन मंजूर पदांपैकी एक रिक्त होतं आणि अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे होता. अशा व्यवस्थेत कामाचं काय होतं हे त्यांना खात्याच्या अनुभवावरून चांगलंच माहीत होतं.

चालताना ते नकळत डावीकडे सरकत. मारुती मंदिरापासून घराकडे सरळ रस्त्याने निघालेले शिवलकर हमखास डाव्या हाताच्या गटाराशी पोचत. अंधारात, गर्दीत, किंवा मान वळवून कुणाला ओळख दिली की जास्तच. उभ्या आयुष्यात सोलकढीच्या पलीकडे न गेलेल्या या माणसाला एकदा भर दुपारी एका पोलिसाने थांबवून तोंड उघडायला लावलं होतं. "गाडी कुठाय?" पोलिसाने विचारलं. "मी पायीच आहे," हे म्हणाले. पोलिसाने थोडा विचार केला आणि "मग पाय जरा जपून चालवा," असं सांगून सोडून दिलं. ही गोष्ट दत्तारामांनी घरी सांगितली नाही. ते घरी पोचायच्या आधीच ती तिथे पोचली होती.

सोसायटीत उपचारांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरचे मुळ्येकाका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या मते तोल हा मुळात मनाचा असतो, आणि तो यायला रोज सकाळी डोक्यावर भरलेला तांब्या ठेवून गच्चीवर चालावं. दत्ताराम चाललेही. तिसऱ्या दिवशी तांब्या कठड्यावरून खाली गेला तो तळमजल्यावरच्या सावित्रीकाकूंनी वाळत घातलेल्या आमसुलांवर. सावित्रीकाकूंनी आमसुलं परत वाळत घातली. संध्याकाळी त्या लसणीचं कोमट तेल घेऊन आल्या, कानात घालायला. कानात काहीही घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे ते तेल रेणुकाने फोडणीला वापरलं. मुंबईहून नेमून दिलेले व्यायाम मात्र दत्ताराम इमानाने करत. उभ्या अंगठ्याकडे बघत मान हलवायची, फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावून चालायचं, वगैरे. पंचवीस वर्षांची नोकरी झालेला माणूस घरात हे करताना फार शहाणा दिसत नाही, पण करत.

तर ते चौकट धरून उभे असताना रेणुका, म्हणजे त्यांची बायको, फोन ठेवून आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती उजवीकडे येत असे.

"अहो, विठूआबांचा फोन होता. पुढच्या रविवारी जत्रा. नवस फेडायला या म्हणतायत."

"कसला नवस?"

"तुमचा," रेणुका म्हणाली, आणि भाजी बघायला आत निघून गेली.

आता इथे विठूआबांविषयी थोडं सांगायला हवं. दत्तारामांचं गाव पाटकोंड, रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर, खाडीच्या काठाला. विठूआबा त्यांचे चुलत चुलते. वय ऐंशीच्या घरात, आणि गावात वाघजाईपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. आपल्याकडे देवीशी कुणीही उठून बोलत नाही. एक जण सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. पद्धत चांगली आहे. पण विठूआबांचा स्वभाव असा, की एक 'होय म्हाराजा' मिळाला की ते एक पायरी वर चढत, दुसरा मिळाला की दोन. एकदा साध्या पावसाच्या गाऱ्हाण्यात त्यांनी गावच्या पोरांना सरकारी नोकऱ्या, खाडीवर पूल आणि तालुक्याच्या कबड्डीचा चषक एवढं सगळं मागून घेतलं होतं, आणि बदल्यात गावातर्फे इतकी आश्वासनं दिली होती की ती पुरी करायला दोन वर्षं लागली.

ऑपरेशनच्या दिवशी रेणुकाने मुंबईहून त्यांना फोन करून एवढंच सांगितलं होतं, की देवीपुढे एक नारळ ठेवा. आबांनी नारळ ठेवला. मग दहा-बारा माणसं जमलेली दिसली म्हणून गाऱ्हाणं घातलं.

"आई वाघजाय माते, तुजा लेकरू दत्ताराम आज ममईच्या डागतराच्या हातात हाय."

"होय म्हाराजा."

"त्याच्या डोक्यात जी काय पीडा बसली आसंल ती तू भाईर काड."

"होय म्हाराजा."

"आनी तो धडधाकट घरी आला, तर तुज्या जत्रंत जेवडं म्हनून पाळनं लागतील तेवड्या सगल्या पाळन्यांत तो बसंल, आनी फिरून फिरून तुज्या पायाशी येईल."

हा 'होय म्हाराजा' सर्वांत मोठा झाला म्हणे. ज्याला चक्कर येते त्यालाच देवीने पाळण्यात बसवून आणायचं, ही कल्पना सगळ्यांना फार आवडली होती. ज्याने बसायचं तो त्या वेळी मुंबईत टेबलावर भूल घेऊन पडला होता, त्यामुळे त्याचं मत घेता आलं नाही.

"माझ्या सहीशिवाय माझ्या नावाने करार होतोच कसा?" दत्ताराम त्या दिवशी चार वेळा म्हणाले. त्यांची नवसावर श्रद्धा नव्हती. पण खरं कारण तेही नव्हतं. गावात त्यांना 'साहेब' म्हणत. पाळण्यातून उतरताना साहेब सगळ्यांदेखत तोंडावर पडले, तर या दहा महिन्यांत रत्नागिरीत जे काय व्हायचं ते झालं, आता गावातही आपलं काही उरणार नाही, ही त्यांची भीती होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका तांदळाची भाकरी थापत होती. थापता थापताच, मान वर न करता, ती बोलली.

"पुढच्या महिन्यात तुमचा एमआरआय आहे. नवसातलं खरंखोटं मला कळत नाही. पण बोललेलं राहून गेलं आणि तिकडे परत काही निघालं, तर मी जन्मभर स्वतःला विचारत बसेन. मला भीती वाटते हो."

चोवीस वर्षांच्या संसारात रेणुका पालीव्यतिरिक्त कशाला भ्याल्याचं दत्तारामांना आठवत नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी ती सगळ्यांना धीर देत हिंडत होती, डॉक्टरांनासुद्धा. तिच्या हातातली भाकरी एका बाजूने फाटली होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"एकच तर पाळणा असतो आपल्या जत्रेत," दत्ताराम म्हणाले. "लाकडी. चार माणसं हाताने फिरवतात. बसतो मी."

शुक्रवारी दुपारी दोघं पाटकोंडच्या थांब्यावर एसटीतून उतरली आणि दत्तारामांनी देवळाच्या दिशेला पाहिलं. देवळाचा कळस दिसत नव्हता. त्याच्या पुढ्यात त्याच्या दुप्पट उंचीचा लोखंडी आकाशपाळणा उभा होता.

"औंदा रस्ता मोटा झाला न्हवं," विठूआबा अभिमानाने म्हणाले. ते घ्यायला आले होते. "मोट्या गाड्या येतात. मंग कमिटीनं आख्खा आनंद मेळाच आनलान."

आनंद मेळ्यात आकाशपाळणा होता. दोन्हीकडे हेलकावे खाणारी एक अगडबंब नाव होती, तिच्यावर 'कोलंबस' असं लिहिलं होतं. 'ब्रेक डान्स' नावाचं एक यंत्र होतं, त्यात मोठी तबकडी फिरे, तबकडीवर पेले फिरत आणि पेल्यांत माणसं. लहान मुलांसाठी बदकांचा गोल पाळणा होता. शेवटी एक भुताचं घर. जुना लाकडी पाळणा म्हातारा झाला म्हणून कमिटीने त्याला रजा दिली होती.

दत्तारामांनी मुद्दा मांडला. नवस बोलताना एकच पाळणा अस्तित्वात होता, सबब नवीन पाळण्यांना पूर्वलक्षी प्रभावाने नवस लागू होत नाही. शिवाय कोलंबस ही नाव आहे, पाळणा नव्हे. मुद्दा बिनतोड होता. खात्यात या मुद्द्यावर प्रकरण निदान तीन वर्षं पडून राहिलं असतं.

"जेवडं लागतील तेवडं, आसा बोललंव मी," आबा म्हणाले. "लागलं. आता नाव पाळना हाय का नाय, ता आपन कोन ठरवनार? तिलाच इचारू."

आणि कौल लावला. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आबांनी एकेक प्रकरण देवीपुढे ठेवलं. आकाशपाळणा पाळणा धरायचा का? उजवी. कोलंबस? उजवी, आणि ती इतकी तडक पडली की गुरवही दचकला. ब्रेक डान्स म्हणजे काय हे देवीला समजावून सांगायला आबांना पाच मिनिटं लागली, पण उजवीच. बदकांची उजवी. भुताच्या घराचं विचारलं तेव्हा मात्र डावी पडली. देवीची समज एवढी बारीक आहे हे पाहून दत्तारामांना तिच्याविषयी आदर वाटला, आणि उरलेल्या चार निर्णयांमुळे तो आदर थोडा कमीही झाला.

शनिवारी सकाळी दत्ताराम रेणुका आणि आबांसह मेळ्याच्या तिकिटखिडकीवर गेले. खिडकीशेजारी फलक होता: 'हृदयविकार, चक्कर, मानेचे विकार असणाऱ्यांनी व गरोदर महिलांनी बसू नये. हुकुमावरून.' चारचौघांसारख्या माणसाने दुसरीकडे बघत तिकीट काढलं असतं. पण दत्तारामांची उभी हयात फलक लावण्यात गेली होती. फलक कुणीतरी वाचतो हे त्यांना मनातून सिद्ध व्हायला हवं होतं. ते वाकून खिडकीत म्हणाले, "या फलकाच्या संदर्भात मला थोडी माहिती सादर करायची आहे," आणि त्यांनी डाव्या नसेपासून सगळं सांगितलं.

मेळ्याचा मालक अजिंक्य हा तिशीतला, खेडचा. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही मला सांगितलंत कशाला? आता मला कळलंय. आता डॉक्टरचा दाखला लागणार."

"तिला इचारून झालाय," आबा देवळाकडे हात करून म्हणाले.

"आबा, देवीचं ठीक आहे. पण उद्या काय झालं तर चौकशीला ती येणार नाही, मी जाणार."

हे दत्तारामांना पटलं. आबांना पटलं नाही. दाखला आणायचा ठरलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सलोनी नावाची तरुण डॉक्टर होती. तिने दत्तारामांना पावलं जुळवून डोळे मिटून उभं केलं, रेषेवर चालवलं, मान हलवून डोळे तपासले, आणि मग मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. दोन वेळा तिने हसू दाबलं. "पट्टा घट्ट बांधायचा, मान मागे टेकलेली ठेवायची, डोकं दुखलं तर लगेच उतरायचं," ती फोन ठेवून म्हणाली. "आणि ते विचारतायत, सगळं एकाच दिवशी करायलाच हवं का?"

"जत्रा एकच दिवस असते," रेणुका म्हणाली.

"मग मध्ये पुरेशी विश्रांती घ्या."

दाखल्याला हरकत नव्हती, पण छापील नमुना नव्हता. केंद्रात तीन नमुने होते: जन्माचा, मृत्यूचा आणि आजारी रजेवरून कामावर रुजू होण्याचा. पहिले दोन प्रसंगाला योग्य नव्हते. सलोनीने तिसरा घेतला आणि 'कामावर' हा शब्द खोडून वर 'पाळण्यात' लिहिलं. 'श्री. दत्ताराम गोविंद शिवलकर यांची तपासणी केली असता ते उद्यापासून पाळण्यात रुजू होण्यास योग्य आहेत,' असा तो दाखला झाला. दत्तारामांनी तो दोनदा वाचला आणि गोल शिक्का राहिल्याचं लक्षात आणून दिलं.

"काका, शिक्का कपाटात आहे. किल्ली शिपायाकडे आहे."

"आणि शिपाई?"

"जत्रेच्या तयारीला गेलाय."

शिपाई मेळ्यात सापडला. आकाशपाळण्याची चाचणी चालू होती आणि तो फुकटात सर्वांत वरच्या डब्यात बसला होता. चाचणी नेमकी त्याच क्षणी अडकली. पाळणा सुटून शिक्का मिळायच्या आधी पाऊण तास दत्ताराम खाली दाखला घेऊन आणि शिपाई वर किल्ली घेऊन, असे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. रेणुका म्हणाली, "किल्ली खाली टाक म्हणावं." शिपाई वरून ओरडला की ती शासकीय किल्ली आहे, अशी टाकता येत नाही. हे दत्तारामांना इतकं पटलं की ते बायकोवर थोडे चिडले.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला ते मेळ्याकडे निघाले तेव्हा लाउडस्पीकरवर विठूआबा बोलत होते. एरवी वाटेल तशी चालणारी त्यांची जीभ माइक समोर आला की थेट वर्तमानपत्री होत असे. "रत्नागिरी येथील पाटबंधारे खात्याचे साहेब श्री. दत्ताराम शिवलकर यांचा नवस फेडण्याचा कार्यक्रम सुरू होत असून सर्व भाविकांनी पाळण्यांजवळ शांतता राखून लाभ घ्यावा." खाज्याची दुकानं टाकून लोक आले. बुरोंडीला दिलेली एक आतेबहीण पोरांबाळांसह आली. शनिवारचा शिपाई सगळ्यांत पुढे उभा होता.

सुरुवात बदकांपासून केली, कारण ती सोपी वाटली. बदक चार वर्षांच्या मुलासाठी बनवलेलं होतं. दत्तारामांचे गुडघे हनुवटीला लागले. पुढच्या बदकात आतेबहिणीची नात होती, ती पूर्ण वेळ मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिली. बदकं सहा फेरे अगदी गरिबीने फिरली. चक्कर आली नाही, पण उतरायची वेळ झाली तेव्हा शिवलकर बदकातून निघेनात. अजिंक्य आणि शिपाई यांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उपसून काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपली सेवापुस्तिका अजून स्वच्छ आहे, आपल्यावर कधी चौकशी बसलेली नाही, असे विचार त्या वेळी दत्तारामांच्या मनात येऊन गेले.

मग आकाशपाळणा. डब्याची आडवी सळई खटकन बसली, पट्टा आवळला गेला आणि डबा जमिनीवरून उचलला. दत्तारामांनी श्वास धरून ठेवला. आता गरगरणार, आता पोटातून वर येणार. डबा वर गेला, खाली आला, परत वर गेला. काहीच होत नव्हतं. म्हणजे होत होतं, सगळं फिरत होतं, देऊळ खाली जात होतं आणि खाडी वर येत होती. पण ते तर त्यांचं रोजचंच होतं. फरक एवढाच की आज ते फिरणं खरं होतं. तिसऱ्या फेरीला त्यांच्या ध्यानात आलं, की आपण काहीच धरलेलं नाही. हात मांडीवर आहेत. पायांना काही काम नाही. दहा महिने प्रत्येक पाऊल टाकताना ते आतल्या आत मोजून मापून टाकत होते, आणि इथे पाऊल टाकायचंच नव्हतं. पडायची भीती नव्हती, कारण सळई होती. शेजारच्या डब्यातला एक धट्टाकट्टा माणूस डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत होता. दत्ताराम मोकळेपणाने हसले. त्यांना खूप बरं वाटत होतं.

"कसं वाटलं?" ते उतरल्यावर रेणुकाने धावत येऊन विचारलं.

"पट्टा चांगला आहे," दत्ताराम म्हणाले. एवढ्या लोकांत याहून जास्त सांगणं बरं दिसलं नसतं.

डॉक्टरांच्या आदेशानुसार लिंबू सरबत घेऊन ते तासभर एका खुर्चीत बसले. या तासात तिथे आलेल्या प्रत्येकाने त्यांना पुढच्या पाळण्याविषयी सल्ला दिला. एकाने तोंडात आवळा धरायला सांगितलं, एकाने आवळा मुळीच नको म्हणून सांगितलं. हे चालू असतानाच दत्तारामांनी जाहीर केलं की कोलंबसमध्ये आपल्याशेजारी विठूआबा बसतील. बोलणाऱ्याने निदान एका पाळण्याची जबाबदारी घ्यावी.

आबा मागे हटणारे नव्हते. तरुणपणी होडीतून पार अंजनवेलपर्यंत जाऊन आलेला माणूस. अजिंक्यने वयाची कुरकुर केली, तशी आबांनी जत्रेला आलेल्या सलोनीकडून तिथल्या तिथे नाडी तपासून घेतली. ती दत्तारामांपेक्षा शांत निघाली. त्यांना मधल्या, कमी हलणाऱ्या बाकावर बसवलं. नाव हलली. पहिल्या दोन हेलकाव्यांना आबा 'होय म्हाराजा' म्हणाले. तिसऱ्याला काही म्हणाले नाहीत. चौथ्याला त्यांनी दत्तारामांचा दंड पकडला. दत्ताराम मात्र रंगात आले होते. नाव वर गेली की पोटात पोकळी पडे आणि उतरताना ती भरून येई, त्यांना ते विलक्षण आवडलं. त्यांची एक चप्पल निसटून गर्दीत गेली आणि त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उतरल्यावर आबा सरळ चालत निघाले आणि तितकेच सरळ खाज्याच्या दुकानात शिरले, दुकानाला त्या बाजूने दार नसताना. सलोनीने त्यांना बाकड्यावर आडवं केलं. "माजा मी बरा हाय," आबा डोळे मिटून म्हणाले. "देवीला सांगा, मी इथंच हाय."

राहिला ब्रेक डान्स. इथे नवीन अडचण निघाली. पेल्यात एकटा माणूस बसवत नाहीत. वजन एका बाजूला जातं.

"दोघं पाहिजेत," अजिंक्य म्हणाला.

दत्तारामांनी आजूबाजूला पाहिलं. शिपाई गर्दीत मागे सरकला. आतेबहिणीने नातीला घट्ट धरलं. आबा तर आडवेच होते. रेणुका पुढे आली आणि तिने पदर खोचला. ती खेडच्या बाजारात भिंगरी फिरताना बघूनही तोंड फिरवणारी बाई होती, घाटातल्या एसटीत तिला खिडकीच लागे.

"तू नको," दत्ताराम म्हणाले. "तुला सोसणार नाही."

"शेवटचा आहे ना? मग चला. मागे काही ठेवायचं नाही."

पेला तबकडीवर फिरू लागला आणि तबकडी स्वतःभोवती. मग दोन्ही उलट्या दिशांनी. सगळीकडून किंकाळ्या येत होत्या. रेणुकाचं डोकं दत्तारामांच्या खांद्यात घुसलं होतं आणि ती काहीतरी ओरडून सांगत होती, पण बाजू डावी होती, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही. दिवे, कळस, माणसं, खाडी सगळं एका पट्ट्यात मिसळून गेलं. दत्तारामांना एक क्षण वाटलं, की आत्ता या तबकडीवरच्या सगळ्यांचं जग माझ्यासारखं झालंय. आज मी एकटा नाही.

यंत्र थांबलं. माणसं उतरायला लागली आणि एकही सरळ चालेना. कॉलेजची चार पोरं कठड्याला लोंबकळली. एक जाडसर गृहस्थ समोरचा खांब सोडून भलत्याच हवेला धरायला गेले. त्या सगळ्यांतून फक्त दत्ताराम शिवलकर, एका चपलेवर, थोडे डावीकडे झुकत, नेहमीच्या चालीने बाहेर आले. आज त्यांच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नाही. चाललेला एवढा एकच माणूस होता. शिपायाने त्यांना नमस्कार केला, आणि साहेबांनी तो मान वळवून घेतला.

रेणुका मात्र चार पावलं गेली आणि तिथेच लाल मातीत बसली. तिने डोळे मिटले, ते जास्त फिरलं म्हणून परत उघडले. दत्ताराम तिच्यासमोर उकिडवे बसले.

"अहो, जमीन सरकतेय."

"हो."

"मी बसलेय तरी सरकतेय." मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला असं होतं?"

दत्तारामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आता इतकं नाही. मे महिन्यात असंच होतं. कुशीवर वळलो तरी."

"रोज?"

"रोजच. सवय होते हळूहळू."

रेणुकाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिने पदराने ते पुसलं नाही, कारण पदर कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. "आणि असं असताना तुम्ही दाढी करत होतात. एसटी पकडत होतात. मला वाटायचं, हे असे चालतात म्हणजे आत काहीतरी राहिलंय. रात्रंदिवस तेच वाटायचं हो मला. काही राहिलेलं नाहीये. तुम्ही बरे आहात. जमीन हलतेय तरी तुम्ही चालताय."

आपण बरे आहोत हे दहा महिन्यांत दत्तारामांना मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सलोनीने लेखी दिलं होतं, आणि त्यांनी त्यातलं काही मनापासून मानलं नव्हतं. आज मातीत बसलेली, केस विस्कटलेली आपली बायको सांगते आहे आणि ते लगेच पटतंय, याचं त्यांना नवल वाटलं.

"पुढच्या महिन्यात जाऊ मुंबईला," रेणुका म्हणाली. "निघेल ते निघेल. आता हे थांबवायचं कसं, ते सांगा."

"एका जागी नजर लाव. जे हलत नाही अशा वस्तूकडे बघ."

रेणुकाने मान जपून फिरवली. उजवीकडे आकाशपाळणा फिरत होता, मागे कोलंबस वरखाली होत होती, समोर तबकडी पुढच्या लोकांना घेऊन सुटली होती आणि जत्रा सगळीकडून वाहत होती.

"काहीच नाहीये तसं."

"मग माझ्याकडे बघ," दत्ताराम म्हणाले.

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमच्याकडे काय बघायचं," ती म्हणाली, "तुम्हीच हलताय."

आणि दत्ताराम खरोखरच हलत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.